शेडमधली बॅच

सरांनी हजेरी घेताना माझं आडनाव वाचलं आणि थांबले. चष्म्यावरून बघितलं.

"तू इथं कशी? कॅटेगरीवाल्यांची बॅच मागं, शेडमध्ये."

इंजिनिअरिंगचा पहिला आठवडा. भरलेला वर्ग. कुणी हसलं नाही. हसले असते तरी बरं वाटलं असतं. शेजारच्या मुलीनं मला बाहेर पडता यावं म्हणून पाय आखडून घेतले, इतकंच. अगदी सवयीनं.

"सर, सीईटीत मला चांगले मार्क आहेत," मी म्हणाले.

"मार्कांचं कोण बोलतंय?" सर म्हणाले आणि पुढचं नाव वाचलं.

कँटीनमागं पत्र्याची शेड. आधी तिथं मोडकी यंत्रं ठेवायचे. त्यातली दोन अजून कोपऱ्यात होती. आत सगळी आमच्यातली पोरं. कुणाचे मार्क कमी, कुणाचे भरपूर. आडनावं मात्र सगळ्यांची तसलीच. शिकवायला लॅबमधला असिस्टंट यायचा. त्याचाही नाइलाज होता. "मागच्या पेपरची उत्तरं पाठ करा, पास व्हाल," म्हणायचा. कुणी 'का' विचारलं की खिडकीबाहेर बघायचा.

मी पाठ करत राहिले. महिनेच्या महिने. आपल्याला खरंच झेपत नसेल, असं मलाच वाटायला लागलं होतं. त्याची आजही चीड येते.

शेडमधली कविता परभणीची. हॉस्टेलवर राहायची. एक दिवस ती उभी राहिली आणि म्हणाली, "काहून गप बसावं बाई? चल, विचारू."

आम्ही प्राचार्यांकडं गेलो. मागणी एकच. बॅच पाडायचीच तर मार्क बघून पाडा. प्राचार्य गोड बोलले. "बेटा, तुमच्या भल्यासाठीच आहे हे. तिकडं दमछाक होईल तुमची."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेटसमोर बसलो. अख्खी शेड बसली. त्या दिवशी माझा आवाज मलाच नवा वाटला. कंपन्यांच्या बस जाताना लोक वाकून बघत होते.

मग घरोघरी फोन गेले. पोरं एकेक करून उठली. कविताचा भाऊ आला आणि तिची बॅग घेऊन तिला घेऊन गेला. जाताना ती माझ्याकडं बघू शकली नाही. पुढं कळलं, लग्न लावून दिलं.

माझे पप्पा चाकणला कंत्राटावर. एक खाडा झाला की जागेवर दुसरा माणूस उभा करतात. तरी आले. कंपनीचा शर्ट अंगात तसाच. प्राचार्यांनी त्यांना बस म्हटलं नाही. पप्पांनी हात जोडले.

"लेकरू हाय साहेब. चुकलं तिचं. पुन्यांदा न्हाई करनार."

"माझं चुकलं नाही," मी म्हणाले.

प्राचार्य पप्पांकडं बघून हसले. "बघा. ही भाषा."

पप्पा मला दिघीला घरी घेऊन निघाले. घराशी आल्यावर म्हणाले, "शिक्षन घे गं. भांडान नको." मला वर्गातून काढलं तेव्हा रडू आलं नव्हतं. पप्पांच्या या बोलण्यावर आलं. कारण त्यांना खरंच वाटत होतं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कॉलेजनं समिती नेमली. अध्यक्ष तेच सर. समितीनं बॅचला नवं नाव दिलं, विशेष मार्गदर्शन वर्ग. पत्र्याला रंग मारला. तोंडी परीक्षेत सरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. नापास केलं.

यंदा नवी पोरं आली. त्यांचीही आडनावं वाचली गेली, त्यांनाही मागं पाठवलं. मी शेडच्या दारात जाऊन सांगितलं, "उठा. इथं बसायचं नाही. मार्क विचारा त्यांना."

कुणी उठलं नाही. एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, "ताई, जा ना. आमचं नाव येईल."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या बोलण्यानं शेड पडणार नाही, हेही मला कळतं. कदाचित पुढच्या परीक्षेलाही सर मला नापास करतील. पप्पांना परत बोलावतील. बोलावू देत. यावेळी मी त्यांना हात जोडू देणार नाही.

उद्या मी पुन्हा त्या दारात उभी राहणार. परवाही. कॉलेजातून काढलं तर गेटबाहेरून ओरडणार.