आवाज राखून

लग्न होऊन या घरात आले तेव्हा नवऱ्यानं मला आधी सावध केलं ते त्याच्या बहिणीबद्दल. "सकाळी भोंगा वाजतो, दचकू नकोस," म्हणाला. मला वाटलं, जवळपास एखादा कारखाना असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की हा भोंगा स्वयंपाकघरात, सिंकसमोर उभा राहून गातो. तिथल्या फरशांमुळे आवाज घुमतो म्हणून माझी नणंद रियाज तिथंच करायची. मी चहाचं भांडं हातात घेऊन ताटकळलेली आणि बाईसाहेब एकच ओळ पायरीपायरीनं वर चढवताहेत. नणंदेचा जाच म्हणतात तो हाच असावा, असं मी तिला तोंडावर सांगितलं. ती हसली आणि त्या दिवसापासून माझा चहा तीच करायला लागली, गाता गाता. चहा निम्मा शेगडीवरच सांडायचा, पण मला आयता मिळायचा, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

ती ऑपेरा गायची. म्हणजे नाटकच, फक्त त्यात भांडणंसुद्धा गाऊन करायची, तीही माइकशिवाय, पुढ्यात एवढी वाद्यं वाजत असताना. त्या वाद्यांना हातातल्या काडीनं इशारे करणाऱ्याला कंडक्टर म्हणतात हे कळल्यावर माझे सासरे खूश झाले होते. ते जन्मभर बसचे ड्रायव्हर. "म्हणजे तिथंही कंडक्टरनं सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही," म्हणाले.

सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. बाबांनीच पहाटेच्या पाळीला जाण्याआधी मुलीचा डबा भरून तिला वाढवलं होतं. माणूस तसा अबोल. पण तिचा विषय निघाला की डेपोत त्यांचं तोंड बंद होत नसे. संगीतशाळेतून ती नाट्यगृहाच्या कोरसमध्ये लागली. तिथं ती मागच्या रांगेत कधी कुणाची शेजारीण, कधी सैनिकाची बायको म्हणून उभी राहायची. तरी डेपोतल्या प्रत्येकाला माहीत होतं की ते नाट्यगृह हिच्याच जिवावर चाललंय.

नेमकी तिथंच गोम होती. एकटीनं गायच्या भूमिकेसाठी तिनं दोनदा चाचणी दिली. दोन्ही वेळा बाबा सुट्टी टाकून बाहेर बाकावर बसले होते, आणि दोन्ही वेळा आत तिचा आवाज वरच्या जागेला फाटला. कपडे वाळत घालताना तिनं मला सांगितलं, "वहिनी, ते बाहेर बसले की मला त्यांचा अख्खा डेपो दिसतो. मी पडले तर ते तिथं कुठल्या तोंडानं जाणार?" मग त्यांना येऊ नका म्हणून सांग, असं मी म्हटलं. तर तशी जीभच रेटणार नाही म्हणाली.

पुढे एक गायिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिची मोलकरणीची भूमिका हिच्याकडे आली. छोटीशीच, पण त्यात एक अख्खं गाणं होतं. नाट्यगृहाच्या प्रमुखबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की पहिला प्रयोग चांगला झाला तर ही जागा कायमची. नाही झाला तर हंगाम संपल्यावर घरी, कारण कोरसमध्ये तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम असते आणि घरच्यांना मागे बसू देतात. त्या दिवशी गायक पूर्ण आवाज लावत नाहीत. गळा उद्यासाठी राखतात, शब्द पुटपुटतात, उंच जागा खालच्या सुरात उरकतात. हे नणंदेनं मला सांगितलं होतं. बाबांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी आणि नवरा कामावर, त्यामुळे ते एकटेच जाऊन आले.

संध्याकाळी नवरा कामावरून यायचा होता, आम्ही तिघं जेवायला बसलो तर बाबांचा घास तोंडात फिरत राहिला. मग एकदम म्हणाले, "उद्या नाही गेलीस तरी चालेल."

"का हो, बाबा?" मी विचारलं.

"आज ऐकलं मी. लागत नाहीये तुझा आवाज. होतं असं, त्यात कमीपणा काही नाही." पाण्याचा पेला त्यांनी उगाच इकडचा तिकडे केला. "डेपोत काय सांगायचं ते मी बघतो. तू गा, नाहीतर नको गाऊस. या घरातली तुझी जागा कुठं जात नाही."

मला हसू फुटत होतं. अहो बाबा, ती आवाज राखून गात होती, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय पडला, चांगला दणकून. बघते तर नणंदेचे डोळे भरलेले. "जाऊन तर येते, बाबा," एवढंच म्हणाली. "नाही जमलं तर येईन घरी."

बाबा बरं म्हणाले आणि मग दोघंही पोटभर जेवले. माझा अंगठा ठणकत होता, पण असलं घर आपल्या वाट्याला आलं याचं मला त्या दिवशी फार फार बरं वाटलं. आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती चादरींची चळत हातात घेऊन रंगमंचावर आली आणि गायला लागली. रोज स्वयंपाकघरात ऐकलेलाच आवाज, पण तो इतका मोकळा असू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. दोनदा जिथं फाटला होता तिथून तो सहज वर गेला आणि तिला हवा तेवढा वेळ तिथं राहिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाबा टाळ्या वाजवायचे विसरले आणि मलाच विचारायला लागले की काल हिला झालं तरी काय होतं.

प्रयोगानंतर प्रमुखबाईंचा होकार घेऊनच ती मागच्या दारानं बाहेर आली, आणि आदल्या दिवशीच्या तालमीचं खरं काय ते तिनंच बाबांना सांगितलं. ते ओशाळले.

"म्हणजे काल मी जे बोललो ते उगाचच. वायाच गेलं सगळं."

"वाया कसं जाईल, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही समोर बसलेले असताना आज पहिल्यांदा मला भीती वाटली नाही."