चावऱ्या ओजसच्या चांदण्या

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. संध्याकाळी केर काढला की खेळण्यांबरोबर तेही सुपलीत येतात. माझं पाळणाघर बिबवेवाडीत, शिक्षण चौथी, आवाज मोठा. आयटीतल्या आया माझ्याकडे पोरं सोडून हडपसरला पळतात.

त्यातल्या मृदुलाचा ओजस बाकीच्या पोरांना चावायचा, सगळ्यात जास्त रेवाला. रेवाच्या आईने मला ठणकावलं, "तो तरी राहील, नाहीतर आमची रेवा." ओजसला काढलं तर मृदुलाची नोकरी सुटणार. घरी बघायला दुसरं कुणी नाही.

मृदुला कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली. म्हणाली, "मावशी, ज्या वागण्याला बक्षीस मिळतं तेच मूल पुन्हा करतं. चावला नाही तर चांदणी चिकटवा. चावला तर लक्षच देऊ नका." चमचमत्या चांदण्यांचं पाकीटच हातात ठेवलं.

*

पहिल्याच सकाळी ओजस तोंड उघडून रेवाच्या दंडापर्यंत गेला, थांबला, माझ्याकडे वळला.

"नाही चावलो. चांदणी दे."

दिली. जेवणापर्यंत शर्ट भरला. रेवा भिंतीला चिकटून बसलेली.

मी फोन लावला. "अगं, तुझा पोरगा खंडणी गोळा करतोय!"

*

मग लक्ष न देणं. ओजसकडे बघायचं नाही, ज्याला चावला त्याला जवळ घ्यायचं. आता जवळ घेतलं की हातावर बिस्कीट ठेवायची माझी सवय.

दोन दिवसांनी सार्थक बाही वर करून ओजससमोर उभा. "मला पण चाव ना."

*

रेवाच्या आईने शुक्रवारची मुदत दिली.

खरं चावणं व्हायचं संध्याकाळी. बाकीच्या आया एकेक करून यायला लागायच्या, ओजस दाराशी उभा, आणि मृदुलाची मीटिंग संपायची नाही. हे मी तिला सांगितलं, तशी गुरुवारी मृदुला मीटिंग अर्धवट टाकून बाकीच्या आयांबरोबरच आली. ओजसने शर्टावरची चांदणी सोलून तिच्या कपाळावर चिकटवली.

"आई, आज वेळेवर आलीस."

चांदणी तशीच ठेवून तिने वर हेल्मेट घातलं. शुक्रवारीही वेळेवर आली. रेवाच्या आईने पोरीचे दोन्ही दंड उलटसुलट करून बघितले. "राहू दे मग," म्हणाली. ती गेल्यावर मी आधी पंखा मोठा केला आणि जमिनीवरच बसले.

*

सोमवारी मृदुलाला उशीर झाला. फार नाही, पण बाकीच्या आया एकेक पोर घेऊन निघायला लागल्या होत्या. रेवा अजून होती, मी तिला पाठीमागे घेतलं.

मृदुला धापा टाकत आली, हेल्मेट काढलं, खाली वाकून कपाळ पुढे केलं.

ओजसने पाकिटातून चांदणी काढली, मधोमध फाडली.

"आज अर्धी."