हरणाऱ्याने चहा करायचा

माझी आत्या हट्टी आहे. हे मी तिला तोंडावर सांगते, तर म्हणते, "मग? काय बिघडलं?" चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून तिने जन्मभर काचा घासल्या. काच जरा चुकली की टाकून नवीन घ्यायची. चालवून घेणं तिला ठाऊकच नाही.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. दोघं रोज बुद्धिबळ खेळायची आणि घरचा नियम होता, हरणाऱ्याने चहा करायचा. चहा कायम काकांनीच केला. वर कप ठेवताना म्हणायचे, "आज मुद्दाम हरलो हं, तुझं मन राखायला." झालं, आत्याचा तिळपापड!

मग काकांनी कुणाचा तरी टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला. नुसता कीबोर्डचा डबा, टीव्हीला जोडायचा. त्यावर स्वतः बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला आणि कॅसेटवर उतरवला. कॅसेटवरून खेळ मशीनमध्ये चढताना टेप कानठळ्या बसतील अशी किरकिरायची, आणि आवाज थोडा कमीजास्त झाला की सगळं मुसळ केरात. म्हणून त्यांनी आवाजाच्या बटणापाशी आत्याच्या नेलपॉलिशचा ठिपका काढला. "आता हा हरवील तुला," म्हणाले. आत्याने त्यालाही हरवलं. काका गेले, तरी रोज संध्याकाळी हरवतेच आहे. मशीन विचार करतं, तोवर ही मटार सोलते.

परवा मला तातडीने बोलावून घेतलं. "अगं, हे मशीन मला ओळखतं."

"आत्या, बरी आहेस ना?"

"ऐक तर! मी पहिलं नेहमी कडेचं प्यादं सरकवते. असं कोणी शहाणं माणूस खेळत नाही, हे म्हणायचे. ह्यांनी आत लिहून ठेवलं असेल तर? कडेचं प्यादं हललं की समजायचं बायको आली, आणि हरायचं! मग माझ्या जिंकण्याला अर्थ काय राहिला?" तिने मला खुर्चीवर बसवलं. "तू तसंच खेळून बघ. तुझ्यासारखी ढ मुलगी जिंकली, तर ह्यांनी मला जन्मभर फसवलं. आणि मुद्दाम हरलीस तर याद राख."

एवढं कौतुक ऐकून मी खेळायला तयार झाले. खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं. कडेचं प्यादं सरकवलं. मशीनने बराच विचार केला आणि मग माझी पार दाणादाण उडवली. आधी घोडा खाल्ला, मग वजीर, मग मात. आत्या आनंदाने टाळ्या पिटत होती. सख्खी आत्या बरं का!

तेवढ्यात पडदा कोरा झाला आणि एकेक अक्षर उमटायला लागलं. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. "काय बाईसाहेब, हरलात ना शेवटी? उठा, चहा टाका. साखर जरा जास्त."

आत्या टाळी वाजवता वाजवता थांबली. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? त्या मशीनवर दुसरं कोणी खेळत नव्हतं आणि ती कधी हरली नव्हती.

"म्हणजे ह्यांना खरंच जिंकायचं होतं गं," ती म्हणाली. आधी खुदकन हसली, मग पदर डोळ्यांना लावून मोठ्याने रडली. हरले मी होते, म्हणून चहा टाकायला उठले.

"बस खाली. ते तुला नाही सांगितलंय," आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.