वळणावरचे नाना

लग्नानंतर सुरतेला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर अर्धं गाव लोटलं होतं. आईने डोळे सुजवून घेतले होते. नाना तेवढे आले नव्हते, मला भारी राग आला. पण नाल्यापाशी रस्ता वळतो तिथे गाडी मंदावली आणि बांधावर ते दिसले. टाटा वगैरे काही नाही. दोन्ही तळहात खाली दाबून खूण केली, खांदे सैल सोड. तेव्हा कुठे मला श्वास आला.

नाना आमच्या शाळेचे शिपाई. आम्हा मुलींना पळायला त्यांनीच शिकवलं. गावाकडच्यांनो, आमच्या बातम्या-फोटोंत त्यांचं नाव कुठेच कसं नाही म्हणून आता तुम्ही हळहळता. अहो, फोटो शेवटच्या रेषेवर निघतात आणि नाना कायम वळणावर, आमच्या चपला हातात घेऊन उभे. "शेवटले तं बठ्ठाच पयतस, बेटा. तू वळणवर पय." शेवटी तर सगळेच पळतात, तू वळणावर पळ, एवढंच त्यांचं सांगणं.

एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. जिल्ह्यात पहिली आले तेव्हा पेपरवाल्याने विचारलं, कुणी शिकवलं? शेजारी खेळाचे सर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी. मी सरांचं नाव सांगितलं. शिपायाचं नाव घ्यायची लाज वाटली. नाना तेवढ्यात माझ्या चपला घेऊन मैदान ओलांडत येत होते.

आता सुरतेत डिंडोलीला राहते. नवरा सचिन भागातल्या कारखान्यात लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, मी साड्यांच्या घड्या घालते. पहाटे नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या रस्त्यावर धुकं असतं, कारखान्यांचा धूर त्यातच मिसळतो, आणि त्यातून माझी लेक पूजा पळत येते. अर्धवट झोपेत मला वाटतं, मीच येतेय. शाळेच्या शर्यतीतही मी वळणावर थांबते, बाकी सगळ्यांच्या आया शेवटच्या रेषेवर, म्हणून ती कुरकुरते, "मम्मी, बधानी मम्मी तो त्यां ऊभी छे!"

परवा ती पहिली आली. पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मवर प्रशिक्षकाचं नाव हवं होतं. मी नानांचं अख्खं नाव लिहिलं. तिच्या शाळेतल्या सरांनी विचारलं, "यांचं सर्टिफिकेट?" म्हटलं, नाही. त्यांनी रकान्यातलं नाव खोडलं. माझ्या जिवाला फार लागलं.

घरी येऊन नानांना फोन लावला. रडत सगळं सांगितलं, आजचं आणि तेव्हाचंही. 

"ते ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "पोर वळणवर धिमी पडनी का?"

"नाही, नाना."

"मंग मन्हं नाव लिखाई गयं."

गाव आता पुसट होत चाललंय. बोळ आठवतात, त्यातली माणसं आठवत नाहीत. सुट्टीला गेले तर पाहुणी म्हणून चहा मिळतो. पण पहाटे पूजाच्या चपला हातात धरून नहरेच्या वळणावर उभी राहते ना, तेव्हा मी माहेरी असते.