शेरा : निष्क्रिय

साळवे काका कुठल्याही संस्थेच्या दारात गेले की आधी बेल दाबत नसत. बाहेरच्या चपला बघत. किती जोड, बायकांचे की मुलांचे, धूळ बसलेले की आत्ताच काढलेले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "जिवंत आहे." किंवा, "बोर्ड आहे, माणूस नाही." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे. एखादी मेलेली वाटलेली संस्था जिवंत निघाली, तर आपण चुकल्याचा त्यांनाच जास्त आनंद होई.

मी तेव्हा दिल्लीतल्या एका छोट्या अभ्यास-केंद्रात नोकरीला होते. दिल्ली राज्यात नोंदलेल्या स्वयंसेवी संस्था किती, त्यांतल्या खरोखर चालू किती आणि त्या करतात काय, याची एक निर्देशिका आम्हाला छापायची होती. मी प्रकल्पाची समन्वयक. साळवे काका केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे नगरचे, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये नोकरीची सगळी वर्षं काढून आता दिल्लीच्याच द्वारकेत राहणारे. दर रविवारी चर्चला जात आणि बाकीचे सहा दिवस आमच्यासाठी दिल्ली पायाखाली घालत. ऑफिसातल्या मुलांनी त्यांचं नाव 'एक बार और' असं ठेवलं होतं. कुठे कुलूप दिसलं की काकांचं वाक्य ठरलेलं, "एक बार और जाके देखता हूँ."

सरकारी यादीची जाड बाडं टेबलावर आली त्या दिवशी त्यांनी मला पहिला धडा दिला. "कागदावर संस्था जन्माला घालणं सोपं असतं गं. सात माणसं जमवली, ठराव केला, झालं. मेल्यावर दाखला काढायला मात्र कुणी जात नाही." म्हणून त्या यादीत मेलेल्या आणि जिवंत एकाच रांगेत उभ्या होत्या. ज्या वीस-वीस वर्षं राबत होत्या पण कधी नोंदणीच्या फंदात पडल्या नव्हत्या, त्या यादीत नव्हत्याच. काका त्यांच्याही नावांची वेगळी वही ठेवत.

मी दिल्लीत जन्मले, वाढले, पण दिल्ली पाहिली ती त्यांच्यामागे फिरून. एके दिवशी काचेच्या इमारतीत गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला अडकवून तासभर बसायचं, दुसऱ्या दिवशी यमुनापार एका बागेत बोलताना अडखळणाऱ्या माणसांची साप्ताहिक बैठक ऐकायची. गढवालच्या एका गावातल्या लोकांची संस्था होती. दिल्लीत त्यांच्यापैकी कुणी वारलं की देह गावी पोचवायचा, एवढंच तिचं काम. एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, गृहिणी दुपारी जमून अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत. "हे सगळं एका रकान्यात 'समाजकल्याण' म्हणून टाकायचं?" असं मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "रकाना तुझा. मी तर पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहितो."

पश्चिम विहारला एक निवृत्त हेडमास्तर भेटले. साक्षरता प्रसाराची संस्था; बाकीचे सगळे सदस्य वारलेले. एक खुर्ची, एक कपाट आणि हे. काकांनी त्यांच्यासमोर तासभर बसून फॉर्म भरला. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "काका, ही तर बंदच आहे की."

"तो माणूस रोज सकाळी कुलूप काढून बसतो," काका म्हणाले. "मी बंद कसं लिहू? तू लिहिशील?"

मी तेव्हा नाही म्हणाले होते.

काम लांबत गेलं. संचालक रोज तारीख विचारू लागले. उत्तरेकडच्या बऱ्याच वस्त्या राहिल्याच होत्या, शिवाय जिथे पहिल्या फेरीत कुलूप मिळालं होतं ते पत्ते होते. मग मी एक नियम काढला. आता फेऱ्या नाहीत. तीन वेळा फोन करायचा; उचलला नाही तर शेरा 'निष्क्रिय'.

काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "फोन न उचलणं म्हणजे मरण असेल, तर माझ्या मुलीच्या लेखी मी रोज मरतो बघ."

मी हसले. नियम बदलला नाही. त्या महिनाअखेरीस काकांचं कंत्राटही संपलं.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी मला कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये बोलावलं. मी पोचेपर्यंत माझ्यासाठी थालीपीठ मागवून झालं होतं. त्यांनी पिशवीतून एक भरलेला फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. मेट्रो आणि मग शेअर गाडी करून ते आपणहून दिल्लीच्या पार उत्तर टोकाला, बवानाला जाऊन आले होते.

"अगं, मागच्या वेळी तिथे कुलूप होतं. या वेळी दारात अकरा जोड! मी आपला दार वाजवतोय, वाजवतोय. कुणी उघडेना. शेवटी खिडकीतून हात हलवला." ते खुशीत हसत होते. "ऐकू न येणाऱ्या मुलींना शिवण आणि लिहिणं-वाचणं शिकवतात तिथे. चालवणारी बाई कमलेश, तिलाही लहानपणापासून ऐकू येत नाही. आणि आपल्या यादीतला फोन तिचाच! तीनदा काय, तीनशेदा वाजला तरी ती काय उचलणार? मेसेज केला असता तर लगेच उत्तर दिलं असतं, म्हणाली. म्हणजे, लिहून दिलं." मग ते गंभीर झाले. "एवढी एक ओळ बदल. छपाईला गेलं नाही ना अजून?"

तो बुधवार होता. फाइल शुक्रवारी जायची होती आणि ती माझ्या मांडीवरच्या बॅगेत, लॅपटॉपमध्ये होती. एक ओळ बदलणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते संचालकांना सांगणं, की माझा नियम इथे चुकला. मग ते विचारणार, आणखी कुठे कुठे चुकला असेल? त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि ते शोधायची माझी इच्छाही नव्हती.

"गेलं, काका," मी म्हणाले. "परवाच गेलं."

"अरेरे." त्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. फॉर्म पिशवीत परत टाकला. "चूक माझीच. कुलूप दिसलं त्याच आठवड्यात पुन्हा जायला पाहिजे होतं." मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "खा, गार होतंय."

मी खाल्लं. सगळं खाल्लं.

निर्देशिका निघाली, हॉलमध्ये प्रकाशन झालं, माझं कौतुक झालं. काही महिन्यांनी एका दात्याने दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गाड्या द्यायच्या ठरवल्या, आणि निवड आमच्या पुस्तकातून केली, फक्त 'सक्रिय' शेऱ्यांतून. मी त्या बैठकीला होते. बवानाचं नाव तोंडाशी आलं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

काका दिल्ली सोडून मुलीकडे नागपूरला निघाले तेव्हा मी निजामुद्दीन स्टेशनवर गेले, सांगून टाकायचं असं ठरवूनच. भर दुपारची गाडी होती. ते खिडकीशी बसले होते, मी फलाटावर. तेच आधी बोलले, "पुढची आवृत्ती निघेल तेव्हा बवाना विसरू नकोस."

"बिल्कुल, काका," मी म्हणाले. गाडी हलली. पुढची आवृत्ती निघालीच नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. झोपेत गेले, त्रास झाला नाही. तुमच्याबद्दल नेहमी चांगलं बोलायचे, असंही ती म्हणाली. त्यानंतरच्या शनिवारी मी बवानाला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

खोली सापडली. आत चार मुली मशीनवर वाकलेल्या. कमलेशजी पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी वही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी काकांचं नाव लिहिल्याबरोबर त्यांनी ओठावर बोट फिरवून मिशीची खूण केली आणि हसल्या. ते गेले, असं मी लिहिलं.

मग त्यांनी लिहिलं. पुस्तक निघाल्यावर साळवेजी आले होते. हात जोडले आणि वहीत लिहिलं, गलती मेरी है, मैं दोबारा देर से आया. दिल्लीत होते तोवर दर महिन्याला येत राहिले, मुलींना हिशेब शिकवायला, फॉर्म भरून द्यायला. गाडी मिळाली असती तर लांबच्या, नरेलाकडच्या मुलींचं येणं सुटलं नसतं, असंही त्यांनी लिहिलं, तक्रार न करता.

मी पेन घेतलं. हिंदीत लिहिलं, गलती उनकी नहीं थी. छपने से पहले उन्होंने मुझे बता दिया था. मैंने झूठ कहा कि किताब जा चुकी है.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा खाली घेऊन पुन्हा एकदा. मग खाली तीन शब्द लिहिले, उनको पता था?

मी मान हलवली. नाही.

त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं, आणि उठून मुलींकडे गेल्या.