तेरा तास हवेत

आबा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ मेलबर्नला होता आणि मी जळगावात. सकाळी सातला धुळ्याहून आईचा फोन आला. नव्वद किलोमीटर अंतर, दोन तासांत पोचले, तोवर अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. मलाही ते भेटले नाहीतच.

भावाला त्याच संध्याकाळचं तिकीट मिळालं. मेलबर्न ते मुंबई तेरा तास, पुढे गाडीने धुळे सहा-सात तास. म्हणजे दुसऱ्या दिवशीची दुपार. त्याने विमानतळावरून फोन केला.

"ताई, थांबाल ना? एकदा तोंड पाहायचंय."

"थांबतो. तू ये."

तेव्हा खरंच थांबायचं होतं. पण मे महिना होता. बर्फाच्या लाद्या बघता बघता वितळत होत्या आणि शीतपेटी गावात कुठे मिळेना. नाना, म्हणजे आमचे काका, माझ्याजवळ येऊन बसले. "इमानले कितला येळ लागस?" विमानाला तेरा तास लागतात, मी सांगितलं. त्यांनी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "त्यांचे हाल नको करू. अग्नी तू दे."

मी फोन घेतला. आमच्याकडे तीन वाजले होते. भावाचा मेसेज येऊन पडला होता, 'विमानात बसतोय. आबांजवळ बस.' अजून सांगता आलं असतं. पण परक्या माणसांत तेरा तास हे एकट्याने कसं सोसेल, असं वाटलं. मी 'बरं' एवढंच लिहिलं.

साडेपाचला पांझरा नदीच्या काठी मी आबांना अग्नी दिला. भाऊ तेव्हा हवेत कुठेतरी असेल.

पहाटे त्याचा फोन आला. "उतरलो. गाडी मिळाली, बारापर्यंत येतो."

मग मी सांगितलं. मागे टॅक्सीवाल्यांचे आवाज येत होते.

"कधी?"

"काल साडेपाचला."

"अग्नी कोणी दिला?"

"मी."

त्याने फोन ठेवला. दुपारी आला, आईच्या गळ्यात पडून रडला. माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर नदीकाठीच म्हणाला, "मी बसायच्या आधी सांगायला हवं होतंस."

"तू एकटा होतास रे."

"म्हणूनच. दोन वर्षं का आलो नाही, ते आबांना कसं सांगायचं याची तेरा तास जुळवाजुळव करत होतो. डोळा लागू दिला नाही. तू सांगितलं असतंस तर तिथेच रडून घेतलं असतं."



तेरावं झाल्यावर तो परत गेला. आई आता माझ्याकडे जळगावला असते. दर रविवारी त्याचा फोन येतो. आईची तब्येत विचारतो, मी सांगते. मग विचारतो, "खरं सांगतेयस ना?"