हौसाक्का आणि आठवा महिना

हौसाक्का माझ्या लॅबमध्ये कधी एकटी आली नाही, आणि स्वतःच्या माणसाला घेऊन आली तीही क्वचितच. एरवी दारात चपला काढायची, आत डोकावायची आणि मागे हात करून एखाद्या पोटुशी पोरीला पुढे ओढायची. ती पोरगी कधी शेजारच्या वस्तीवरची असायची, कधी बाजारात भेटलेली, एकदा तर एसटीत शेजारी बसलेली.

"हिचं बीपी बघा बाई. आनी डाक्टरनी लिवलं आसंल तर त्ये वारेचं रगत बी काढा."

"आक्का, ही तुमची कोण?"

"कुनाची तरी हायच की."

मी पलूसमध्ये रक्त तपासणारी डॉक्टर. गावभरच्या गरोदर बायकांचा रक्तदाब बघणं हे माझं काम नव्हे, हे मी तिला कितीदा तरी ओरडून सांगितलं. ती मान हलवायची आणि पुढच्या खेपेला आणखी एक घेऊन यायची. मला तिचा रागही यायचा आणि ती चार दिवस दिसली नाही तर चैनही पडायची नाही.

ती म्हणायची ते 'वारेचं रक्त' म्हणजे हल्ली निघालेली एक तपासणी. बाळाच्या वारेतून आईच्या रक्तात काही द्रव्यं उतरतात. त्यातल्या दोहोंचं एकमेकांशी प्रमाण बिघडलं की बाईचा रक्तदाब उसळण्याचा, तिला झटके येण्याचा धोका आधी कळतो. आम्ही रक्त काढून पुण्याला पाठवतो. सगळ्यांना ती लागत नाही, आणि ती चांगली आली तरी भरवसा साधारण आठवडाभराचाच. पुढे पुन्हा बघावं लागतं.

हे मी सुमनलाही सांगितलं होतं. सुमन हौसाक्काची थोरली लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दाब जरासा चढा दिसला म्हणून तिच्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, आणि रिपोर्ट चांगला आला. घरात 'चांगला' एवढा एकच शब्द पोचला. हौसाक्काने देवापुढे नारळ फोडला आणि जावयाला मोबाइलवर रिपोर्टचा फोटो धाडला. तेवढ्यात आठवा महिना लागला. आपल्याकडे आठव्यात बाईला हलवत नाहीत. न्यायची तर सातव्यात, नाहीतर नवव्यात. पुन्हा रक्त द्यायला कोण बाहेर काढतो? पोरीचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. छातीखाली दुखतंय म्हणाली तर ओवा चावायला दिला. भरदुपारी झटके आले आणि सांगलीच्या वाटेवर सुमन गेली, पोटातल्या जिवासकट.

"कागूद चांगला हुता न्हवं," हौसाक्का मला एकदा म्हणाली. "पोरगी त्वांडानं सांगत हुती आन मी कागदाचं आईकलं."

त्यानंतर तिने पोरी आणायला सुरुवात केली. लोकांना हे आवडायचं असं नाही. एकदा एका पोरीची सासू इथे येऊन तावातावाने भांडली. "आधीच आमच्या पोरीच्या अंगात रगत न्हाई, आन ही बया आठवड्याला काढा म्हनती. सवताची खाल्ली, आता आमची खायाला निघाली." हौसाक्का बाकावर बसून ऐकत राहिली. सासूचं बोलून संपलं तशी म्हणाली, "झालं? आता हिचं बीपी बघूं द्या बाईस्नी." मला हसावं की रडावं कळेना.

मग तिची स्वतःची सून, रूपाली, गरोदर राहिली. मुलगा फौजेत, लांब पोस्टिंगवर. सातव्यात रूपालीला माहेरी न्यायला विट्याहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला. हौसाक्काने त्याला जेवू घातलं आणि मोकळा परत पाठवला. "माज्या डोळ्याम्होरं पायजे," एवढंच म्हणाली. रूपाली दोन दिवस जेवली नाही.

पहिलं रक्त चांगलं आलं. या खेपेला नारळ फुटला नाही. आठवडा उलटला तशी भर आठव्यात ती सुनेला घेऊन माझ्या दारात हजर. दाब चढला होता, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेलं प्रमाण पार बिघडलेलं. तिचे डॉक्टर म्हणाले, आजच्या आज सांगली गाठा. व्याही फोनवर ओरडत होते, मुलगा फोनवर रडत होता. हौसाक्काने फोन बंद करून कमरेला खोचला आणि सुनेला गाडीत बसवलं.

मोठ्या दवाखान्यात लगेच सिझेरियन झालं. रूपाली वाचली. बाळ अगदी ओंजळीएवढं होतं. काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं आणि गेलं.

सगळा दोष अर्थातच हौसाक्काच्या माथी आला. माहेरी पाठवली नाही, आठव्यात उंबरा ओलांडायला लावला, म्हणून पोर गेलं. मुलाने तिच्याशी बोलणं टाकलं. मला इतका संताप आला की त्यांच्या घरी जाऊन एकेकाला फैलावर घ्यावं असं वाटलं.

हौसाक्का गेल्या वर्षी हृदयविकाराने गेली. त्याआधी थोडे दिवस ती शेवटची आली, नेहमीप्रमाणे कुणाच्या तरी पोरीला घेऊन. पोरीचं रक्त काढून होईपर्यंत मी तिच्याशेजारी बाकावर बसले. विचारलं, "रूपाली बोलते का तुमच्याशी?"

"बोलती की. सकाळी उठली की सुरू. माजं पोर खाल्लंस म्हनती. भाकरी वाढती आन शिव्या देती."

"मी येऊन समजावते तिला. तुम्ही नेलं नसतं तर आज ती नसती, हे तिला कळायला नको?"

"नगं बाई. नगा सांगू." तिने माझा हात धरला. "दिऊं द्या शिव्या. लय मोट्यानं देती, पार रस्त्यापतूर आईकू येतंया. मी दारात बसून आईकत आसती."